अमराला वारस नसतो

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या पहाटे, अंगाला तेल चोळण्यापूर्वी तेलात बुडविलेले बोट जमिनीला टेकवून त्याचे ठिपके सोडण्याची जी रीत महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत अजून पाळली जाते, ती सात चिरंजीवांच्या नावाने पाळली जाते, आणि त्या सातांत अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य व परशुराम असे परस्परांशी अत्यंत विजोड पुरुष एका पंक्तीला बसलेले आहेत. त्यांपैकी सहा जणांना आपण मान म्हणून तेलाचे बोट देतो. अश्वत्थाम्याला मात्र ते खरोखरीच हवे असते, कारण मस्तकावरचा मणी काढून घेतल्यामुळे झालेली त्याची जखम आजतागायत भरलेली नाही आणि ती शमविण्यासाठी तो दारोदार तेल मागत हिंडतो, अशी लोकांची समजूत आहे. ज्याला मरण नाही त्याची आमच्या आयाबहिणींना कीव यावी आणि त्याच्या वाट्याचा थेंब त्यांनी बाजूला काढावा, या रिवाजात अमरत्वाविषयीचे जे शहाणपण आहे ते पुष्कळ मोठमोठ्या ग्रंथांतही इतक्या थोडक्यात सापडत नाही.

अश्वत्थाम्याचा मूळ वृत्तांत महाभारताच्या सौप्तिकपर्वात येतो, आणि श्रीधरकवीच्या पांडवप्रतापाच्या पोथीने तो मराठी खेड्यांच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या घातला आहे. द्रोणाचे दारिद्र्य असे की लहानपणी या मुलाला पाण्यात पीठ कालवून तेच दूध म्हणून पाजण्यात आले आणि आपल्याला दूध मिळाले या आनंदात ते पोर नाचू लागले, ही हकीकत आदिपर्वात द्रोण स्वतःच्या तोंडाने सांगतो. पुढे युद्ध संपून दुर्योधन मांडी मोडून पडलेला असताना याच अश्वत्थाम्याने कृप आणि कृतवर्मा यांना शिबिराच्या दाराशी उभे केले, आत निजलेल्या धृष्टद्युम्नाला व द्रौपदीच्या पाचही पुत्रांना ठार मारले, आणि पाठलाग करीत पांडव समोर येऊन ठाकले तेव्हा जे अस्त्र सोडले ते मागे घेता येईना म्हणून पांडवस्त्रियांच्या गर्भावर वळविले. त्याचा अपराध साध्या खुनाचा नव्हता. पांडवांची पुढली पिढी समूळ खुडून टाकावी, त्यांच्या गादीवर दावा सांगण्यास कोणी उरूच नये, असा तो घाला होता; आणि कृष्णाने दिलेली शिक्षाही त्या अपराधाच्या तोलाचीच होती. तीन हजार वर्षे तू एकटा, कोणाशी शब्द बोलण्याची सोय नसलेला, रक्तापुवाच्या दुर्गंधीने वेढलेला असा निर्जन रानांतून भटकशील, आणि ज्याच्यावर तू गर्भातच अस्त्र टाकलेस तो परीक्षित जिवंत होऊन तुझ्या डोळ्यांदेखत साठ वर्षे राज्य करील, असा तो शाप आहे. वंश बुडवू पाहणाऱ्याला आयुष्य मिळाले आणि मृत जन्मलेल्या बालकाला राज्य मिळाले, ही वाटणी व्यासांनी फार विचारपूर्वक केलेली दिसते. ग्रंथात शिक्षेची मुदत तीन हजार वर्षांची आहे. लोकांनी ती मुदत पुसून टाकून शिक्षा तहहयात करून ठेवली, आणि हयात तर संपायची नाही!

लोकांनी या दुर्दैवी पुरुषाला राहावयास दिलेल्या जागाही पाहण्यासारख्या आहेत. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाभ्यात, धडगावच्या बाजूला अस्तंभा नावाचे शिखर आहे, आणि दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश या तिन्ही प्रांतांतील भाविक, त्यांत बहुसंख्य आदिवासी, डोंगराची अवघड वाट तुडवीत त्या शिखरावर अश्वत्थामा ऋषीच्या दर्शनास जातात. वाट चुकलेल्याला तो वाट दाखवितो अशी त्यांची श्रद्धा आहे. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर, पडक्या तटबंदीच्या आत, एक शिवालय आहे, तेथे भल्या पहाटे कोणा माणसाच्या आधी तोच येऊन शंकराला फूल वाहून जातो असे सांगतात. एक ठिकाण शिखरावर आहे, दुसरे ओसाड किल्ल्यात. आणि तो तेल मागावयास येतो तेव्हाही उंबऱ्याच्या आत येत नाही. अमुक गावात अश्वत्थाम्याचे घर आहे, तमुक शिवारात त्याची शेती आहे, अशी आख्यायिका मी तरी कोठे ऐकलेली नाही. न मरणाऱ्याला लोक दर्शन देऊ-घेऊ देतील, तेल देतील, परंतु गावात जागा देणार नाहीत. आणि ते का देणार नाहीत, हाच माझ्या मते अमरत्वाच्या साऱ्या कथांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

या प्रश्नाचे जे उत्तर विद्वानांच्या लिखाणात नेहमी आढळते ते कंटाळ्याचे. कारेल चापेक या चेक नाटककाराचे एक नाटक १९२२ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. त्यात एमिलिया मार्टी नावाची अलौकिक गळ्याची गायिका आहे, आणि तिचे खरे वय तीनशे सदतीस वर्षे आहे. तिचा बाप हा रुडॉल्फ बादशहाच्या पदरी वैद्य. बादशहासाठी तयार केलेल्या आयुष्यवर्धक रसायनाची परीक्षा त्याने स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलीवर घेतली, आणि त्या दिवसापासून ती नावे बदलीत, देश बदलीत, माणसे बदलीत जगत राहिली. तीन शतकांनंतर तिला गाण्यात गोडी राहिलेली नाही, पुरुषांत राहिलेली नाही, दुष्टपणातसुद्धा राहिलेली नाही. सारे काही तिने एकदा पाहिलेले आहे. यानाचेक या संगीतकाराने या नाटकावरून संगीतिका रचली, ती १९२६ साली रंगभूमीवर आली, आणि पुढे बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७३ साली याच बाईचा दाखला घेऊन असा सिद्धांत मांडला की मनुष्याच्या ज्या इच्छांमुळे त्याला जगावेसे वाटते त्या इच्छा अनंत आयुष्यात केव्हा ना केव्हा झिजून संपणारच, आणि त्या संपल्या म्हणजे उरलेले जगणे ही केवळ शिक्षा होय.

हा सिद्धांत मला पटतो, पण तो पुरेसा वाटत नाही. कंटाळा ही अमराची स्वतःची फिर्याद झाली. त्याच्या शेजाऱ्यांची, त्याच्या मुलांची, त्याच्या भाऊबंदांची फिर्याद कोणी ऐकून घ्यावयाची? गंमत अशी की चापेकच्या नाटकाचा पडदा वर जातो तो एका वकिलाच्या कचेरीत, आणि ते सारे कथानक ज्या खुंटीवर टांगलेले आहे ती खुंटी म्हणजे शंभर वर्षे चाललेला एका जहागिरीच्या वारसाहक्काचा दावा आहे. तत्त्वज्ञाने गायिकेकडे पाहिले आणि दाव्याचे बाड बाजूला सारले. मेहकर तालुक्यातल्या आमच्या जानेफळसारख्या गावात, जेथे बांधावरून आणि वाटणीवरून दोन-दोन पिढ्या तारखा चालतात, वाचकाचे लक्ष प्रथम त्या बाडाकडेच जाईल.

असे होण्यास सबळ कारण आहे. २०२५ साली आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून एक सरकारी मोहीम सुरू झाली आणि ती १ एप्रिलपासून साऱ्या राज्यात लागू करण्यात आली. तिचे नाव ‘जिवंत सातबारा’. जमिनीचा खातेदार मरण पावतो, त्याचे दिवस होतात, वर्षश्राद्ध होते, परंतु गावच्या दफ्तरात त्याचे नाव तसेच राहते. वारसाने तीन महिन्यांच्या आत कळवावे असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेत लिहिले असले तरी कोणी आळसाने, कोणी भावांतल्या अबोल्यामुळे, कोणी बहिणींचा हक्क लागेल या धास्तीने ते कळवीत नाही, आणि मग बापाच्याही आधी गेलेल्या आज्याच्या नावावर वावर चाळीस-चाळीस वर्षे पडून राहते. या मोहिमेत गावोगाव चावडीवाचन झाले. आता ग्राम महसूल अधिकारी म्हणविल्या जाणाऱ्या, परंतु आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी अजून पटवारीच असलेल्या त्या कामगाराने मयत खातेदारांची यादी चारचौघांत वाचावयाची, वारसांनी मृत्यूचा दाखला आणि वारसांविषयीचे कागद दाखल करावयाचे, गावनमुना सहा-क मध्ये वारसाची नोंद व्हावयाची, मंडळ अधिकाऱ्याने चौकशी करून ती मंजूर करावयाची, आणि मग फेरफाराने सातबाऱ्यावर जिवंत माणसाचे नाव यावयाचे, असा तो क्रम आहे. एवढी खटपट का करावयाची, हे ज्या नातवाला आज्याच्या नावामुळे पीककर्ज नाकारले गेले असेल, विहिरीचे अनुदान अडले असेल, किंवा मुलीच्या लग्नासाठी एकर-दीड एकर काढावयाचे असूनही खरेदीखत होऊ शकले नसेल, त्याला विचारावे. नांगर त्याचा, पेरणी त्याची, सोयाबीनच्या शेंगा तडकू नयेत म्हणून ऐन उन्हात कापणीला मजूर शोधण्याची धावपळ त्याची. आणि मालक मात्र असा मनुष्य की जो मसणात जाऊनही कागदावर मरावयास तयार नाही.

नुसत्या कागदावरच्या अमरत्वाने जर घराची अशी कुचंबणा होते, तर खरोखरीच न मरणाऱ्या खातेदाराने काय केले असते, याचा विचार करून ठेवलेला एक लेखक आहे. जोनॅथन स्विफ्ट याने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या गलिव्हरच्या प्रवासवर्णनात लगनॅग नावाचे एक काल्पनिक बेट येते. तेथे क्वचित एखादे मूल डाव्या भुवईच्या वर तांबडा ठिपका घेऊन जन्मते. तो ठिपका बाराव्या वर्षी हिरवा होतो, पंचविसाव्या वर्षी गडद निळा होतो, पंचेचाळिसाव्या वर्षी काळा होतो, आणि ते मूल कधीच मरत नाही. गलिव्हरला हे कळताच तो हर्षभरित होऊन आपण असे जन्मलो असतो तर किती विद्या, किती संपत्ती, किती अनुभव गोळा केला असता याचे मनोरे रचू लागतो, आणि बेटावरचे लोक त्याच्याकडे पाहून हसतात. कारण हे अमर लोक म्हातारे होण्याचे थांबत नाहीत. दात, केस, चव, स्मरण सारे जाते, आणि भाषा पालटत जाते म्हणून दोनशे वर्षांनंतर त्यांना शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येत नाहीत. स्वतःच्याच गावात ते परदेशी होऊन राहतात. पण स्विफ्टची खरी तीक्ष्णता पुढे आहे. ऐंशीवे वर्ष लागले की कायदा या लोकांना मयत समजतो. त्यांची मालमत्ता ताबडतोब वारसांकडे जाते, पोटापुरती थोडकी रक्कम तेवढी त्यांना ठेवतात, निर्धन असतील त्यांना सरकारी खर्चाने पोसतात. त्यांना जमीन विकत घेता येत नाही, खंडाने करता येत नाही, विश्वासाची नोकरी मिळत नाही, आणि शिवेच्या तंट्यात साक्षसुद्धा देता येत नाही. असा कठोर कायदा नसता, तर म्हातारपणी वाढत जाणाऱ्या लोभाने हे लोक हळूहळू साऱ्या राष्ट्राचे मालक होऊन बसले असते आणि ती मालकी चालविण्याची ताकद अंगात नसल्यामुळे राष्ट्र बुडाले असते, असे कारण तो देतो. अमरत्वावर इतकी व्यवहारी, इतकी पटवारी पद्धतीची टीका दुसऱ्या कोणी केलेली माझ्या वाचनात नाही.

पोर्तुगालच्या जोझे सारामागो याने २००५ साली लिहिलेल्या कादंबरीत अशी एक नव्या वर्षाची पहाट उजाडते की त्या दिवसापासून एका देशात कोणी मरेनासेच होते. पहिले काही दिवस झेंडे लागतात. मग अंत्यविधीचा व्यवसाय करणारे, विमा कंपन्या, इस्पितळे, वृद्धाश्रम, धर्मपीठ असे एकेक जण सरकारच्या दाराशी येऊन उभे राहतात, आणि अखेरीस कुटुंबातली माणसेच आपल्या मरणासन्न वडीलधाऱ्यांना रात्रीच्या अंधारात सरहद्दीपलीकडे नेऊ लागतात, कारण तेथे मरण अजून चालू आहे. विमा कंपन्या तेथेही ऐंशी हेच वय मरणाचे म्हणून ठरवितात. शिंगरू गेले हेलपाट्याने म्हणतात त्याप्रमाणे या साऱ्या खटाटोपात दया कोठल्या कोठे नाहीशी होते.

आमच्या बाजूला यावयाचे तर ययातीखेरीज पुढे जाताच येणार नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, तिला १९६० चे साहित्य अकादमीचे पारितोषिक आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला, आणि मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ होय. तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात ययाती हा न भागणाऱ्या वासनेचा पुतळा होऊन बसला आहे. ते खोटे नव्हे. परंतु आदिपर्वातली कथा दफ्तरी नजरेने वाचली तर ती तंतोतंत एका वारसातंट्याची कथा आहे. शुक्राचार्याच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा आपल्या मुलांना एकामागून एक बोलावून म्हणतो की माझे म्हातारपण घ्या आणि तुमचे तारुण्य मला द्या. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू असे चौघे नकार देतात आणि शाप घेऊन जातात. धाकटा पुरू होकार देतो. हजार वर्षांनी, उपभोगाने इच्छा शमत नाही अशी कबुली देऊन राजा तारुण्य परत करतो आणि राज्यही त्यालाच देतो, तेव्हा वडील मुलाला डावलून धाकट्याला गादी कशी, अशी हरकत प्रजाजन घेतात. हजार वर्षे बापाने गादी सोडली नाही, आणि सोडली तेव्हा तिची किंमत म्हणून मुलाचे तारुण्य कापून घेतले. थोरल्याचा हक्क बुडाला तो वेगळाच. बापाचा उत्सव मुलाच्या खात्यातून खर्ची पडला, असे याचे साधे जमाखर्ची वर्णन करता येईल.

खांडेकरांनी ही कथा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितली, आणि तीत भोगाचा आणि त्यागाचा जो झगडा रंगविला तो त्यांच्या ध्येयवादी प्रकृतीला साजेसाच आहे. मात्र मला असे वाटत आले आहे की सर्वांत जबर घाव घातला तो माथेरानास जन्मलेल्या आणि कानडीत लिहिणाऱ्या गिरीश कर्नाडांनी. त्यांचे ‘ययाती’ हे नाटक १९६१ सालचे. त्यात पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा आहे, आणि तिचा नवरा एका रात्रीत जख्खड म्हातारा होऊन तिच्यापुढे येतो. सासऱ्याने तिला पतिधर्माचा उपदेश करावा, आणि तिने सरळ विचारावे की माझ्या नवऱ्याचे तारुण्य ज्यांनी घेतले त्यांनीच आता मला पुत्र द्यावा; सासरा हादरतो, आणि ती विष पिऊन मोकळी होते. लांबलेल्या आयुष्याची किंमत ज्याच्याकडून वसूल होते त्याचे नाव करारात कधीच लिहिलेले नसते, हे कर्नाडांना विशीच्या आरंभी कळले होते! खाडिलकरांच्या १९१३ च्या ‘विद्याहरण’ नाटकातही मृतसंजीवनी मिळावयाची तर कचाला गुरूच्या पोटात जावे लागते आणि गुरूचे पोट फाडून बाहेर यावे लागते. तेथे शिष्याने गुरूला पुन्हा उठविले म्हणून निभावले, इतकेच.

या दृष्टीने पाहू लागले म्हणजे महाभारतकाराने भीष्माचे जे केले त्याचे नवल वाटेनासे होते. बापाच्या दुसऱ्या लग्नासाठी ज्याने राज्यावरचा हक्क सोडला आणि आपल्याला मूल होऊ देणार नाही अशी शपथ घेतली, त्यालाच इच्छामरणाचा वर मिळाला. म्हणजे जो गादी अडविणार नाही आणि वंश चालविणार नाही अशी हमी लिहून देतो, त्यालाच वाटेल तितके जगण्याची सनद. हनुमान ब्रह्मचारी, परशुराम ब्रह्मचारी, कृपाचार्य निःसंतान, अश्वत्थामा निःसंतान आणि बहिष्कृत. व्यास संन्यस्त वृत्तीचे, आणि त्यांचा शुक त्यांच्या आधीच विरक्त होऊन निघून गेला. बळीला पुत्र होता आणि राज्यही होते, म्हणून कथेने त्याला पृथ्वीवरूनच उचलून सुतलात नेऊन बसविले. पाडव्याला एक दिवस त्याने वर यावे, लोकांनी त्याच्या राज्याची आठवण काढावी, आणि त्याने परत जावे, अशी ती व्यवस्था. एकटा बिभीषण लंकेच्या गादीवर राहिला, आणि त्याचे पुढे काय झाले याची विचारपूस आमच्याकडे कोणी करीत नाही. अमरत्व आणि वारसा ही दोन्ही एकाच्या हाती पडू द्यावयाची नाहीत, असा हा जुन्या कथाकारांचा दंडक दिसतो.

असुरांना हा दंडक ठाऊक नसे. ते वर मागताना पळवाट ठेवीत आणि त्या पळवाटेतूनच मारले जात. आमच्या आसपास त्यांची वस्ती दाट होती. मेहकरला मेघंकर नावाचा दैत्य होता, त्याला शार्ङ्गधर विष्णूने मारले, असे सांगतात. लोणारला लवणासुर होता, त्याला दैत्यसूदनाने मारले, आणि त्याचे देवालय आजही तेथे उभे आहे. दोन्ही गावांची नावे या दैत्यांवरूनच पडली असे आख्यायिका म्हणते, तेव्हा जिवंतपणी जे त्यांना मिळाले नाही ते मेल्यावर मिळाले असे समजावयास हरकत नाही.

इतके लिहिल्यावर एक आक्षेप मलाच अस्वस्थ करतो. ज्या घरात तरणाताठा मुलगा गेला आहे, ज्या आईने तान्हे मूल पुरले आहे, तेथे जाऊन मरणाचे उपकार सांगणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. आणि अमरत्वाच्या कथांचा असा उपयोग कोणी करू लागेल तर तो त्या कथांचा विपर्यास होईल. अकाली मरणाशी भांडण करावे की नाही, याचे उत्तर सावित्रीच्या कथेने देऊन ठेवले आहे, आणि ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांना ते तोंडपाठ असते. यमाच्या मागे चालताना सावित्रीने काय मागितले हे नीट पाहावे: सासऱ्याची दृष्टी, सासऱ्याचे राज्य, आपल्या बापाला पुत्र, आणि मग स्वतःला पुत्र. तिने अमरपट्टा मागितला नाही. तिने वारस मागितले, आणि वारस द्यावयाचे तर नवरा परत करणे यमाला भागच पडले. यमाने सत्यवानाला दिले ते चारशे वर्षांचे आयुष्य, म्हणजे पुष्कळ, परंतु मोजलेले. मृत्यूशी इतक्या चोख कायदेशीर भाषेत वाद घालून जिंकलेला दुसरा मनुष्य कथावाङ्मयात सापडणे कठीण.

राहिला चांगदेव, आणि मला विचाराल तर अमरत्वाच्या साऱ्या कथांत ही कथा सर्वांत सरस आहे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांतून वाहत जाणारी पूर्णा जेथे तापीला मिळते तेथे, जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेव याच नावाचे गाव आणि प्राचीन देवालय आहे. हा योगी चौदाशे वर्षे जगला असे परंपरा सांगते. काळ जवळ आला की प्राण ब्रह्मांडी चढवून समाधी लावावी, घटका टळली की खाली उतरून पुन्हा कारभार सुरू करावा. थकबाकीदाराने वसुलीच्या दिवशी गाव सोडून जावे तशी ही युक्ती त्याने चौदा वेळा साधली. शिष्यांचा मेळा जमला, कीर्ती पसरली, आणि मग ज्ञानेश्वर नावाच्या पोरसवदा मुलाची वार्ता कानी येऊन त्याला पत्र लिहिण्याचा प्रसंग आला तेव्हा मायन्यावरच गाडे अडले: वयाने धाकटा म्हणून चिरंजीव लिहावे, तर तो ज्ञानाने मोठा, ज्ञानाने मोठा म्हणून तीर्थरूप लिहावे, तर तो वयाने नातवाच्याही नातवासारखा. अखेरीस त्याने कोरा कागदच पाठविला, आणि चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला असा शेरा मुक्ताबाईने मारला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल लिहिलेल्या पासष्ट ओव्या आजही वाचल्या जातात.

पुढचा वाघाचा आणि भिंतीचा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे की या कथेत चांगदेवाला कोणी मार असे म्हटले नाही, शापही दिला नाही. जी वीस वर्षेही जगावयाची नव्हती अशा मुक्ताबाईला त्याने गुरू केले. चौदाशे वर्षांत त्याला जे साधले नव्हते ते, म्हणजे आपल्यामागून आलेल्याला जागा करून देणे आणि स्वतः एक पायरी खाली बसणे, त्या दिवशी साधले. आणि ते साधल्यावर काळाला चुकविण्याची त्याची युक्ती त्याने पुन्हा वापरल्याचे परंपरा सांगत नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, आळंदीस समाधी घेतली. पुढच्याच वर्षी मुक्ताबाई तापीकाठी अंतर्धान पावली. चांगदेव त्यानंतर फार दिवस राहिला नाही. शके १२२७ मध्ये, म्हणजे १३०५ च्या सुमारास, गोदावरीच्या काठी पुणतांबे येथे त्याने समाधी घेतली; ती समाधी आजही तेथे आहे, आणि दौंड-मनमाड मार्गावरील पुणतांबे स्थानकावर उतरून कोणालाही तिचे दर्शन घेता येते.